पायाचा दगड : जॅकी मिट्टू आणि रेगेचं कर्तेपण

ऑक्टोबर १९८२मध्ये ब्रिटनमधल्या विक्रीच्या यादीत ‘पास द डची’ हे गाणं पहिल्या क्रमांकावर होतं. गाणारी मुलं बर्मिंगहॅमची, शाळकरी वयाची. त्यांच्या वाद्यवृंदाचं नाव ‘म्युझिकल यूथ’. हे गाणं मुळात त्यांचं नव्हतं. जमैकातल्या ‘मायटी डायमंड्स’ या त्रिकुटानं थोडंच आधी ‘पास द कूची’ नावाचं गाणं केलं होतं. कूची म्हणजे गांजाची चिलीम. मुलांच्या तोंडी ती शोभणार नाही म्हणून चिलमीच्या जागी स्वयंपाकाचं भांडं आलं. पण मायटी डायमंड्सचं गाणंही पूर्णपणे नवं नव्हतं. त्याच्याखाली जे वाजत होतं ते किंग्स्टन शहरातल्या एका स्टुडिओत १९६०च्या दशकाच्या अखेरीस ध्वनिमुद्रित झालं होतं. ‘फुल अप’ नावाचा तो वाद्यांचा तुकडा होता, त्यात शब्द नव्हतेच. म्हणजे गायक बदलले, शब्द आले आणि बदललेही, देश बदलला, मधे दहाबारा वर्षं गेली. टिकून राहिली ती गायकाच्या मागे वाजणारी साथ. ‘पास द डची’च्या रचनाकारांत मायटी डायमंड्सच्या दोघांबरोबर जॅकी मिट्टू हे नाव आहे, ते या साथीमुळे. मिट्टू गायक नव्हता आणि कवीही नव्हता. तो ऑर्गन आणि पियानो वाजवायचा, वाद्यमेळाची आखणी करायचा.

गाण्याचा कर्ता कोण, असं विचारलं की आपण आधी गायकाचं नाव घेतो, मग चाल बांधणाऱ्याचं आणि शब्द लिहिणाऱ्याचं. कोणतं वाद्य कुठे वाजेल, कुठे थांबेल, बासची ओळ किती वेळा फिरेल हे ठरवणारा माणूस या यादीत शेवटी येतो, बहुधा येतच नाही. पुष्कळ संगीतप्रकारांत हा क्रम चालून जातो, रेगेत चालत नाही. कारण रेगेचं मूळ एकक गाणं नाही, ‘रिडिम’ आहे. बासची फिरती ओळ, ढोलाची चाल आणि कीबोर्ड-गिटारचे ठरावीक आघात मिळून जो सांगाडा होतो त्याला जमैकात रिडिम म्हणतात. त्याला स्वतःचं नाव असतं, त्याच्यावर वीस वर्षांत पन्नास गायक वेगवेगळी गाणी गातात, आणि श्रोते पहिल्या दोन आवर्तनांतच तो ओळखतात. जिथे साथ टिकते आणि गाणी येतात-जातात तिथे साथ रचणारा हाच मुख्य कर्ता मानला पाहिजे, असं माझं म्हणणं आहे. ते पडताळून पाहायला मिट्टूच्या आयुष्यासारखं दुसरं उदाहरण नाही.

डोनॅट रॉय मिट्टू याचा जन्म ३ मार्च १९४८ रोजी जमैकाच्या सेंट ॲन परगण्यातल्या ब्राउन्स टाउन इथला. पियानोचे पहिले धडे त्याला आजीकडून मिळाले. पुढे किंग्स्टनमध्ये तो पोरवयातच निरनिराळ्या वाद्यवृंदांत वाजवू लागला. जमैका ६ ऑगस्ट १९६२ रोजी स्वतंत्र झाला तेव्हा ‘स्का’ हे उड्या मारायला लावणारं, जलद लयीचं संगीत जोरात होतं. त्या संगीताचा सर्वांत मोठा वाद्यवृंद ‘स्काटलाइट्स’ १९६४मध्ये उभा राहिला. टॉमी मकूक, रोलंड अल्फॉन्सो, डॉन ड्रमंड, जॉनी मूर, लेस्टर स्टर्लिंग असे फुंकवाद्यांतले पट्टीचे लोक त्यात होते. त्यांतले बरेचसे किंग्स्टनच्या अल्फा बॉइज स्कूल या नन्सनी चालवलेल्या शाळेत शिकलेले, जॅझ कोळून प्यालेले. लॉइड निब ड्रम्सवर आणि लॉइड ब्रेव्हेट बासवर होते. या मंडळींत पियानोवर बसलेला मिट्टू सोळा वर्षांचा होता. बॉब मार्ली, पीटर टॉश आणि बनी वेलर यांच्या ‘वेलर्स’ची सुरुवातीची गाणी याच वाद्यवृंदाच्या साथीनं ध्वनिमुद्रित झाली.

स्काटलाइट्स जेमतेम चौदा महिने टिकला. जानेवारी १९६५मध्ये ड्रमंडला प्रेयसी मार्गारिटा महफूद हिच्या खुनाबद्दल अटक झाली. त्याचं उरलेलं आयुष्य मनोरुग्णालयात गेलं. ऑगस्टपर्यंत वाद्यवृंद फुटला. मकूक ड्यूक रीड या निर्मात्याच्या ‘ट्रेझर आइल’कडे गेला, अल्फॉन्सो आणि मिट्टू क्लेमंट ‘कॉक्सन’ डॉड यांच्या ‘स्टुडिओ वन’मध्ये राहिले. डॉड आधी रस्त्यावरच्या नाचांसाठी भले मोठे स्पीकर लावणारे साउंड सिस्टिमवाले. किंग्स्टनमधल्या १३, ब्रेंटफर्ड रोड या पत्त्यावर त्यांनी १९६३मध्ये स्वतःचा स्टुडिओ उघडला होता. तिथे मिट्टू संगीत दिग्दर्शक झाला तेव्हा त्याचं वय होतं सतरा. आठवड्याला पाच नवे रिडिम तयार करायचे अशी कामाची अट होती असं सांगतात. आकडा नेमका धरला नाही तरी कामाची पद्धत त्यातून कळते. वादक पगारी, स्टुडिओ रोज चालू, आणि गायक दाराशी येण्याच्या आधीच वाद्यांचा सांगाडा तयार. स्टुडिओतला वाद्यवृंद आधी ‘सोल ब्रदर्स’, १९६७मध्ये ‘सोल व्हेंडर्स’ आणि नंतर ‘साउंड डायमेन्शन’ अशी नावं बदलत गेला, माणसंही येत-जात राहिली. कीबोर्डमागे बसून सगळ्यांना सूत्रात धरणारा माणूस मात्र मिट्टूच होता.

याच काळात जमैकाच्या संगीताचा वेग उतरला. १९६६च्या सुमारास स्काची जागा ‘रॉकस्टेडी’नं घेतली आणि १९६८पर्यंत त्यातून रेगे निघालं. या बदलाची कारणं अनेक सांगितली जातात. १९६६चा उन्हाळा कडक होता आणि नाचणारे लवकर दमत, ही त्यांतली लोकप्रिय कथा. अमेरिकी सोल संगीताची मंद लय लोकांना आवडू लागली, हे अधिक पटणारं कारण. पण लय उतरली की संगीतकारापुढे एक व्यावहारिक प्रश्न उभा राहतो, आणि इथे आखणी करणाऱ्याचं काम सुरू होतं. जलद लयीत दोन ठोक्यांमधली जागा इतकी अरुंद असते की फुंकवाद्यांचा ताफा ती सहज भरून टाकतो. लय मंदावली की त्याच जागा उघड्या पडतात. त्या भरायच्या की मोकळ्या ठेवायच्या, आणि भरायच्या तर कशानं? स्टुडिओ वनमधून निघालेलं उत्तर असं होतं : बासला पुढे आणायचं, तिच्या ओळीत मुद्दाम विराम ठेवायचे, फुंकवाद्यं कमी करायची आणि त्यांचं काम बरंचसं ऑर्गनकडे सोपवायचं.

मराठी रसिकांना ऑर्गन ठाऊक आहे तो संगीत नाटकातला, पायानं भाता चालवायचा. मिट्टूचा हॅमंड ऑर्गन विजेवर चालणारा. त्याची पट्टी हळू दाबा की जोरात, आवाज तेवढाच येतो. आणि पट्टी दाबून धरली तोवर तो विरत नाही. पियानोवर बोटाच्या जोरानं भाव दाखवता येतो, हॅमंडवर पट्टीच्या आघातानं तो येत नाही. हातात उरतं ते मुख्यतः स्वर किती वेळ धरायचा आणि नेमका कधी सोडायचा, एवढंच. त्यामुळे हॅमंडवर तोडून वाजवलेला स्वर विलक्षण स्वच्छ लागतो. रेगेत चार मात्रांच्या चक्रात ढोलाचा मोठा आघात बहुधा तिसऱ्या मात्रेवर पडतो, पहिली मात्रा रिकामी जाते. कीबोर्ड आणि गिटार मात्रांच्या मधल्या जागांवर तुटक आघात करतात. ऑर्गनवादक त्या जागांभोवती दोन्ही हातांनी आणखी बारीक स्वर पेरतो. उकळत्या पाण्यासारख्या त्या चालीला वादक ‘बबल’ म्हणतात. श्रोत्याला ती सुटी ऐकू येत नाही, पण काढून टाकली तर गाणं लंगडतं. मिट्टूचं मोठेपण असं की त्यानं हे तुटक वाजवणं आणि लांब धरलेला, किंचित थरथरता स्वर ही दोन्ही कामं एकाच वाद्याला दिली. एक काम तालाचं, दुसरं सुरावटीचं. मेम्फिसच्या बुकर टी. जोन्सनं १९६२मध्ये ‘ग्रीन अनियन्स’मध्ये ऑर्गनला पुढे आणलं होतं, तो धडा मिट्टूनं घेतला आणि जमैकाच्या तालात बसवला. ‘राम जॅम’, ‘ईव्हनिंग टाइम’, ‘हॉट मिल्क’, ‘ड्रम साँग’ हे त्याच्या नावावरचे वाद्यसंगीताचे तुकडे याची साक्ष देतात. त्यात बोटांची कसरत फारशी नाही. चार-दोन स्वरांची सुरावट येते, थांबते, पुन्हा येते.

हा संयम केवळ आवडीचा प्रश्न नव्हता. त्याचे परिणाम पुढे मोजता येतात. साउंड डायमेन्शनचा ‘रिअल रॉक’ घ्या. दोन स्वरमेळांचा आघात, बासची छोटी ओळ, मधे व्हिन गॉर्डनचा ट्रॉम्बोन. बाकी बरीच जागा मोकळी. त्या मोकळ्या जागेत दहा वर्षांनी विली विल्यम्सनं ‘आर्मगिडियन टाइम’ गायलं, आणि १९७९मध्ये लंडनच्या ‘द क्लॅश’ या पंक वाद्यवृंदानं तेच गाणं ‘लंडन कॉलिंग’ या एकल तबकडीच्या मागच्या बाजूला घातलं. ‘डार्कर शेड ऑफ ब्लॅक’ या मिट्टूच्या तुकड्यावर फ्रँकी पॉलनं १९८०च्या दशकात ‘पास द टू शेंग पेंग’ गाऊन नाव कमावलं. ‘फुल अप’चं काय झालं ते आरंभी पाहिलंच. गच्च भरलेल्या वाद्यमेळावर दुसऱ्यानं गायला जागा उरत नाही. मिट्टूच्या रचनांवर इतके जण गाऊ शकले, कारण पुढे कोणीतरी येणार आहे असं धरूनच जणू त्या बांधल्या होत्या. १९६०च्या दशकाच्या अखेरीस जमैकात तबकडीच्या मागच्या बाजूला गायकाचा आवाज काढून नुसती साथ छापायची पद्धत रूढ झाली, त्यावर बोलून गाणारे डीजे आले, किंग टबीसारख्या ध्वनितंत्रज्ञांनी त्या साथीचे तुकडे करून ‘डब’ हा प्रकार घडवला. या साऱ्यांचा कच्चा माल म्हणजे अशी साथ. ती स्वतःच्या पायावर उभी राहणारी नसती तर हे काहीच शक्य झालं नसतं.

आता आक्षेप. पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप असा की रिडिम हे सामूहिक काम आहे, त्याचं श्रेय एकाला देणं चूक. यात तथ्य आहे. रेगेचा कणा बास आणि ड्रम्स आहेत, कीबोर्ड नाही. ‘हेप्टोन्स’ त्रिकुटाचा गायक लिरॉय सिबल्स हा स्टुडिओ वनच्या कित्येक अजरामर बास-ओळींचा वादक. ‘फुल अप’च्या ओळीवर तो स्वतःचा हक्क सांगत आला आहे. ‘रिअल रॉक’च्या बासबद्दलही एकाहून अधिक दावे आहेत. हे दावे मी खोडून काढू इच्छित नाही. पण सिबल्सनंच मुलाखतींतून सांगितलं आहे की मूळचा गायक असलेल्या आपल्याला बास वाजवायला लावलं ते मिट्टूनं. कोणाच्या हातात कोणतं वाद्य द्यायचं, हा आखणीचाच भाग झाला. मिट्टू १९६०च्या दशकाच्या शेवटी देश सोडून गेला तेव्हा स्टुडिओ वनमधल्या आखणीची बरीचशी जबाबदारी याच सिबल्सवर आली, आणि काम अडलं नाही. काहींना यातून मिट्टू अनिवार्य नव्हता असं दिसेल. मला उलट दिसतं : त्यानं जी पद्धत बसवली ती त्याच्याविना चालण्याइतकी पक्की होती. सामूहिक काम म्हणजे निनायकी काम नव्हे. कर्तेपण वाटून घेतलेलं असू शकतं, पण ते वादकांमध्ये वाटलं गेलं पाहिजे. आज होतं तसं गायक आणि निर्माता यांच्यातच नव्हे.

दुसरा आक्षेप उसनवारीचा. ‘डार्कर शेड ऑफ ब्लॅक’ ऐकणाऱ्याला बीटल्सचं ‘नॉर्वेजियन वुड’ आठवतंच, कारण सुरावट तिथूनच आली आहे. साउंड डायमेन्शनचा गाजलेला ‘रॉकफर्ट रॉक’ प्वेर्तो रिकोच्या राफाएल एर्नांदेस यांच्या ‘एल कुंबांचेरो’वरून निघाला. स्टुडिओ वनचं बरंच भांडवल अमेरिकी सोलमधून आलेलं. मग यात मिट्टू आणि मंडळींचं ते काय? इथे पुढचा इतिहासच उत्तर देतो. ‘डार्कर शेड ऑफ ब्लॅक’वर नंतर जे गायले त्यांना बीटल्सशी कर्तव्य नव्हतं, त्यांना हवी होती ती मिट्टूची साथ, बासचा तो झोका. बीटल्सच्या गाण्यातून सुरावट घेतली गेली आणि कालांतरानं ती गळून पडली तरी सांगाडा उभा राहिला. जे गाळलं तरी चालतं ते उसनं, आणि जे गाळता येत नाही ते स्वतःचं. या कसोटीवर मिट्टूची आखणी हीच मूळ रचना ठरते.

तिसरा आक्षेप निर्मात्याच्या बाजूचा. जागा डॉडची, यंत्रं डॉडची, पगार डॉडचा, कोणता तुकडा छापायचा याचा निर्णयही डॉडचा. म्हणून स्टुडिओ वनचा नाद तो डॉडचा नाद. डॉड यांचा कान तयार होता यात शंका नाही. नाचणाऱ्या गर्दीला रात्री काय हवं असतं हे त्यांना वर्षानुवर्षांच्या अनुभवानं कळत होतं, आणि सिल्व्हन मॉरिससारख्या ध्वनिमुद्रकानं बासला दिलेलं वजन मिट्टूच्या हाती नव्हतं. पण निवडणं आणि रचणं ही दोन कामं आहेत. निवडणाऱ्यापुढे निवडायला काहीतरी असावं लागतं. व्यवहारात झालं असं की तबकड्यांच्या लेबलांवर रचनाकार म्हणून पुष्कळदा डॉड यांचंच नाव छापलं गेलं, आणि वादकाला मिळाला तो आठवड्याचा पगार. जमैकात तेव्हा लागू होता तो १९११चा ब्रिटिश साम्राज्याचा कॉपीराइट कायदा. स्वतंत्र देशाचा स्वतःचा कायदा १९९३मध्ये आला. रिडिमवर आधारलेला सगळा उद्योग उभा राहून, एकच साथ शंभर हातांतून फिरून झाल्यावर. लेबलावर छापलेलं नाव हा कर्तेपणाचा पुरावा मानायचा की त्या काळच्या व्यवहाराचा, हे वाचकानं यावरून ठरवावं.

चौथा आक्षेप मिट्टूच्या पुढच्या कारकिर्दीवरून घेतला जातो. तो टोरांटोला गेला. १९६७मध्ये कॅनडानं स्थलांतरासाठी गुणांवर आधारित पद्धत आणल्यावर कॅरिबियन बेटांवरून मोठ्या संख्येनं लोक तिकडे जाऊ लागले होते. पुढे सिबल्सही गेला. तिथे मिट्टूनं १९७१मध्ये ‘विशबोन’ हा तंतुवाद्यांची झालर लावलेला, मवाळ अल्बम केला आणि त्याचं शीर्षकगीत कॅनडात चाललंही. पण रेगेचे जाणकार त्याला स्टुडिओ वनच्या कामाशेजारी बसवत नाहीत. मग स्टुडिओ वनमधलं तेज मिट्टूचं होतं की त्या जागेचं? मला वाटतं, या प्रश्नातच आखणीकाराच्या कलेबद्दल गैरसमज आहे. आखणी हाताशी असलेल्या माणसांची असते. स्टुडिओ वनसारखा वादकांचा ताफा, रोजचं काम, आणि आज केलेला तुकडा लगेच नाचात वाजवून लोकांचा कौल घेण्याची सोय हे सगळं टोरांटोत नव्हतं. नाटककाराला नट लागतात म्हणून नाटक नटांचं होत नाही. शिवाय मिट्टूचा जमैकाशी संबंध तुटला नाही. १९७०च्या दशकाच्या मध्यावर तो बनी ली या निर्मात्यासाठी वाजवत होता. त्यातलं १९७६-७७चं काम ‘चॅम्पियन इन द अरीना’ या संग्रहात २००३मध्ये पुन्हा निघालं, आणि त्यात जुन्या रिडिमना नव्या ड्रम्सवर चढवताना त्याचा हात किती सहज चालतो ते ऐकू येतं.

त्या वर्षांत जे घडत होतं ते मात्र त्याच्याही आटोक्याबाहेरचं होतं. चॅनल वन या प्रतिस्पर्धी स्टुडिओत स्लाय डनबर आणि त्याचे साथीदार स्टुडिओ वनचे जुने रिडिम नव्यानं वाजवून नवी गाणी काढत होते. शुगर मिनॉट हा तरुण गायक स्टुडिओ वनमध्ये येऊन दहा वर्षांपूर्वीच्या मूळ ध्वनिमुद्रणांवरच नवे शब्द गात होता. १९७८चा त्याचा ‘लिव्ह लव्हिंग’ हा अल्बम असा तयार झाला. १९८५मध्ये वेन स्मिथच्या ‘अंडर मी स्लेंग टेंग’नं कॅसिओच्या छोट्या कीबोर्डवरचा तयार ताल वापरला आणि वादकांची गरजच कमी केली. तरीही संगणकी युगातले निर्माते ‘रिअल रॉक’ आणि ‘फुल अप’कडे परत जात राहिले. यंत्रानं आवाज बदलले, सांगाडे जुनेच घेतले. जमैकातले लोक या जुन्या रिडिमना ‘फाउंडेशन’ म्हणतात, ते अगदी शब्दशः खरं आहे.

१९८०च्या दशकात स्काटलाइट्स पुन्हा एकत्र आला, मिट्टूही काही काळ त्यात वाजवू लागला. पण कर्करोगानं त्याला गाठलं, आणि १६ डिसेंबर १९९० रोजी टोरांटोत त्याचं निधन झालं. वय बेचाळीस. ‘द कीबोर्ड किंग ॲट स्टुडिओ वन’ हा त्याच्या कामाचा संग्रह २०००मध्ये लंडनहून निघाला, तेव्हा रेगेबाहेरच्या अनेक श्रोत्यांनी त्याचं नाव प्रथम ऐकलं. २०१८मध्ये युनेस्कोनं रेगेला मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. या वारशाची ओळख करून देताना आजही आधी गायकांची छायाचित्रं लावली जातात, आणि बॉब मार्लीचं स्थान कोणी नाकारणार नाही. पण वारसा म्हणजे पुढच्यांच्या हाती पडून वापरात राहिलेली वस्तू, अशी व्याख्या केली तर रेगेत सर्वांत जास्त वापरात राहिलेल्या वस्तूंपैकी कितीतरी १९६५ ते १९६८ या तीन-चार वर्षांत, ब्रेंटफर्ड रोडवरच्या एका खोलीत, विशीही न ओलांडलेल्या एका मुलाच्या देखरेखीखाली तयार झाल्या. रेगेचा इतिहास गायकांच्या नावांनी लिहिणं सोपं आहे. तो रिडिमच्या आणि ते रचणाऱ्यांच्या नावांनी लिहिला तरच बरोबर होईल, आणि त्या यादीत जॅकी मिट्टूचं नाव पहिलं असेल.